डिस्क तुमची, किल्ली त्यांची

१९ फेब्रुवारी २००८ रोजी टोकियोत तोशिबाचे अध्यक्ष आत्सुतोशी निशिदा यांनी एचडी डीव्हीडी या अधिक स्पष्ट चित्राच्या डिस्कचा धंदा गुंडाळत असल्याचं जाहीर केलं. दोन प्रकारच्या डिस्कमधली, दोन वर्षं चाललेली झुंज संपली, सोनी आणि तिच्या साथीदारांचा ब्लू-रे जिंकला, आणि वर्तमानपत्रांच्या दृष्टीने विषय मिटला. भारतात तर तो नीट सुरूही झाला नव्हता; आपल्या घरांत तेव्हा अजून व्हीसीडी फिरत होत्या. तरीही आज, डिस्कचा जमाना सरत आला असताना, त्या झुंजीबद्दल लिहावंसं वाटतं. चित्राच्या दर्जापेक्षा मोठी गोष्ट तिथे ठरली. पैसे मोजून घेतलेला चित्रपट कुठे, कशावर आणि किती काळ बघायचा, याचा शेवटचा अधिकार ग्राहकाच्या हातून गेला. डिस्कची प्रत काढू न देणाऱ्या डिजिटल कुलपाच्या बाजूने तेव्हा जे जे सांगितलं गेलं, त्यातलं फारसं काही खरं ठरलं नाही. कुलूप मात्र राहिलं. ज्याने डिस्क विकत घेतली, त्याला स्वतःच्या कायदेशीर वापरासाठी ते काढण्याचा हक्क कायद्याने निःसंदिग्धपणे द्यायला हवा, असं माझं ठाम मत आहे. भारताला हे करणं इतर अनेक देशांपेक्षा सोपं आहे, ते कसं तेही पुढे सांगतो.

आधी ती झुंज नेमकी काय होती ते बघू. दोन्ही डिस्कचा पाया एकच होता, निळसर-जांभळा लेझर. सीडी वाचणाऱ्या लेझरची तरंगलांबी ७८० नॅनोमीटर, डीव्हीडीची ६५०, आणि या नव्या डिस्कची ४०५. तरंगलांबी कमी झाली की किरण अधिक बारीक ठिपक्यावर एकवटतो, खड्डे अधिक दाटीवाटीने कोरता येतात, आणि तेवढ्याच आकाराच्या चकतीवर कितीतरी जास्त माहिती मावते. जपानच्या निचिया कंपनीत शुजी नाकामुरा यांनी १९९०च्या दशकात निळे एलईडी आणि त्यापाठोपाठ असे लेझर घडवले नसते, तर हे काहीच झालं नसतं. तोशिबाने डीव्हीडीसारखीच रचना ठेवली. पृष्ठभागाखाली ०.६ मिलिमीटरवर माहितीचा थर, एका थरात १५ जीबी. जुन्या डीव्हीडीच्या कारखान्यांत थोडे बदल करून ही डिस्क निघू शकत होती. सोनी, पॅनासॉनिक वगैरेंनी माहितीचा थर पृष्ठभागापासून अवघ्या ०.१ मिलिमीटरवर आणला आणि २५ जीबी मिळवले. त्यासाठी नवी यंत्रसामग्री लागली आणि ओरखड्यांपासून वाचवायला वरून टणक लेपही द्यावा लागला.

दोन्हीकडे चित्र साठवण्याच्या पद्धती त्याच होत्या. घरच्या पडद्यासमोर बसलेल्या माणसाला कुठला चित्रपट कुठल्या डिस्कवरून चाललाय हे ओळखता आलं नसतं. २००५ मध्ये दोन्ही गटांनी एकच डिस्क काढावी म्हणून बोलणी झाली आणि फिसकटली. मग एप्रिल २००६ मध्ये अमेरिकेत तोशिबाचा प्लेअर ४९९ डॉलरला आला, जूनमध्ये सॅमसंगचा ब्लू-रे प्लेअर ९९९ डॉलरला, आणि नोव्हेंबरमध्ये पोटात ब्लू-रे घेऊन प्लेस्टेशन ३. स्टुडिओंची ओढाओढ सुरू झाली. ऑगस्ट २००७ मध्ये पॅरामाउंट आणि ड्रीमवर्क्स अ‍ॅनिमेशन एचडी डीव्हीडीकडे गेले. त्यासाठी १५ कोटी डॉलरच्या घरात मोबदला ठरल्याच्या बातम्या तेव्हा आल्या होत्या. ४ जानेवारी २००८ ला वॉर्नरने ब्लू-रेचा हात धरला. फेब्रुवारीत नेटफ्लिक्स, बेस्ट बाय आणि वॉलमार्टही तिकडे गेले, आणि चारेक दिवसांत तोशिबाने शस्त्रं खाली ठेवली. ज्यांनी एचडी डीव्हीडीचे प्लेअर आणि चित्रपट घेतले होते, त्यांच्या कपाटात आधार नसलेला माल उरला.

या सगळ्यात कुलपाचा भाग कुठे येतो? अगदी सुरुवातीपासून. स्टुडिओंना गळाला लावायचं तर 'आमचं कुलूप अधिक पक्कं' हे पटवून द्यावं लागत होतं. दोन्ही डिस्कवर एएसीएस नावाची एकच कुलूपव्यवस्था होती. ती चालवणाऱ्या मंडळात सोनी आणि तोशिबा शेजारी-शेजारी बसल्या होत्या. सोबत डिस्ने, वॉर्नर, आयबीएम, इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि पॅनासॉनिक. बाजारात एकमेकींचा गळा धरणाऱ्या कंपन्या ग्राहकाला कुलूप लावण्यात एकमताने वागल्या, हे लक्षात ठेवण्याजोगं आहे. ब्लू-रेने त्यावर आणखी दोन कड्या चढवल्या. एक म्हणजे बीडी प्लस, डिस्कवरच्या छोट्या प्रोग्रामने प्लेअरची झडती घेण्याची सोय. दुसरी, जगाचे तीन तुकडे करणारे प्रदेश-संकेत, ए, बी आणि सी. फॉक्स हा स्टुडिओ ब्लू-रेकडे गेला त्यात बीडी प्लसचा मोठा वाटा होता, आणि त्यांनी तो लपवला नाही. एचडी डीव्हीडीवर प्रदेश-संकेतच नव्हते.

मायक्रोसॉफ्ट आणि इंटेलने २००५ मध्ये एचडी डीव्हीडीला पाठिंबा दिला तेव्हा एक ग्राहकाच्या बाजूचं कारणही पुढे केलं होतं. विकत घेतलेल्या डिस्कची एक अधिकृत प्रत घरच्या संगणकावर ठेवायची मुभा तिथे सक्तीची असेल, असं सांगितलं गेलं. त्या काळात हा मुद्दा फार वाजवला गेला. एएसीएसचा अंतिम करार जून २००९ मध्ये झाला आणि ही तरतूद कागदावर आलीही. प्रत्यक्षात ग्राहकाच्या हाती जवळपास काहीच पडलं नाही. ना प्लेअर आले, ना दुकानात कुणाला त्याची माहिती होती. तोवर झुंज संपली होती आणि आश्वासनाची गरज कुणालाच उरली नव्हती.

एएसीएस कसं चालतं ते जरा जवळून बघितलं पाहिजे, कारण अन्याय तिथल्या तपशिलात आहे. प्रत्येक अधिकृत प्लेअरला, मग तो दुकानातला डबा असो की संगणकातलं सॉफ्टवेअर, गुप्त किल्ल्यांचा एक संच मिळतो. या किल्ल्या एका भल्यामोठ्या वंशवृक्षासारख्या रचनेत बसवलेल्या असतात. प्रत्येक डिस्कवर माहितीचा एक गठ्ठा असतो. प्लेअर आपली किल्ली त्या गठ्ठ्याला लावतो, त्यातून एक मधली किल्ली निघते, ती डिस्कवरच्या आणखी एका गुप्त क्रमांकाशी जोडली की चित्रपटाचं कुलूप उघडतं. एखाद्या प्लेअरच्या किल्ल्या फुटल्या की नव्या डिस्कवरचा गठ्ठा बदलायचा. मग वृक्षाच्या त्या फांदीवरच्या किल्ल्यांतून काहीच निघत नाही. तो प्लेअर नव्या चित्रपटांसाठी निकामी.

गणित म्हणून ही रचना देखणी आहे, हे मान्यच करायला हवं. पण तिचा भार कुणावर पडतो ते बघा. किल्ली फोडणारा कुणी तिसराच. ज्यांच्याकडे तो प्लेअर आहे ते हजारो लोक निर्दोष. शिक्षा त्यांना, अपडेट मिळेपर्यंत तरी. आणि अपडेट तोवरच मिळतं, जोवर कंपनी त्या मॉडेलकडे लक्ष देते. संगणकाच्या ड्राइव्हमध्ये तर याहून वाईट घडतं. नवी डिस्क आत घातली की तिच्यावरची बाद सॉफ्टवेअरची यादी ड्राइव्ह स्वतःच्या स्मृतीत कायमची उतरवून घेतो. त्यानंतर जुनं सॉफ्टवेअर तुमच्या जुन्या डिस्कही उघडू शकत नाही. काल रात्रीपर्यंत दिसणारा तुमचा चित्रपट, आज दुसरा एक विकत आणून लावल्यामुळे बंद होऊ शकतो. दुकानदार डिस्क विकताना हे सांगत नाही आणि वेष्टनावरून सामान्य माणसाला हे कळण्याचा मार्ग नाही.

एवढं करून कुलूप टिकलं किती? पहिले प्लेअर २००६ च्या वसंतात आले आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये टोपणनावाने लिहिणाऱ्या एकाने एचडी डीव्हीडीवरचे चित्रपट मोकळे करणारा प्रोग्राम इंटरनेटवर टाकला. फेब्रुवारी २००७ मध्ये दुसऱ्या एकाने तोवरच्या सगळ्या डिस्कना लागू पडणारी मधली किल्ली शोधली. १६ बाइट्सचा एक आकडा. एएसीएसच्या वकिलांनी तो आकडा छापणाऱ्या संकेतस्थळांना नोटिसा धाडल्या. १ मे २००७ ला डिग या संकेतस्थळाने वाचकांचे मजकूर उडवायला सुरुवात केली, तेव्हा वाचकांनी पानंच्या पानं त्याच आकड्याने भरून टाकली. रात्री चालकांनी माघार घेतली आणि मजकूर काढणं थांबवलं. आकडा जगभर झाला.

बीडी प्लसबद्दल २००७ मध्ये एका विश्लेषकाने सांगितलं होतं, की ते दहा वर्षं तरी फुटणार नाही. ऑक्टोबर २००७ मध्ये पहिल्या बीडी प्लस डिस्क बाजारात आल्या आणि काही प्लेअरवर त्या धड चालेनात. पुढच्या मार्चपर्यंत ते फुटलंही. टीव्ही आणि प्लेअर यांच्यामधल्या केबलवर एचडीसीपी नावाचं आणखी एक कुलूप आहे, त्याची मूळ किल्ली सप्टेंबर २०१० मध्ये बाहेर आली आणि ती खरी असल्याचं इंटेलने मान्य केलं. डीव्हीडीचं आधीचं कुलूप १९९९ मध्येच गेलं होतं. यात नवल नाही. कुलूप आणि किल्ली दोन्ही ग्राहकाच्या घरातल्या डब्यात द्यावी लागते, नाहीतर चित्र दिसणारच नाही. ज्याच्याकडे वेळ आणि चिकाटी आहे, तो ती किल्ली शोधणारच. आणि जगात एकाने शोधली की पायरेटेड प्रतीला पुढे कुलूप उरत नाही. कुलूप उरतं फक्त ओरिजिनल घेणाऱ्याच्या घरी.

या न्यायाचा सर्वात स्पष्ट दाखला अलीकडचा आहे. २०१६ मध्ये ४के ब्लू-रे आला. तो संगणकावर बघायचा तर इंटेलच्या प्रोसेसरमधली एसजीएक्स नावाची सुरक्षित कप्प्याची सोय लागे, तशी अटच होती. लोकांनी त्याप्रमाणे संगणक जुळवले, महागडे ड्राइव्ह घेतले, सॉफ्टवेअरचे पैसे भरले. मग इंटेलने सुरक्षेच्या आणि इतर कारणांनी अकराव्या पिढीपासून घरगुती प्रोसेसरमधून एसजीएक्सच काढून टाकलं. आता नवा, कितीतरी वेगवान संगणक घेतला तर त्यावर ती डिस्क अधिकृत मार्गाने चालत नाही. प्लेअर सॉफ्टवेअर बनवणाऱ्या कंपनीचा सल्ला काय, तर नवा प्रोसेसर घेऊ नका. कायदा पाळणाऱ्याचा रस्ता बंद झाला आणि कुलूप तोडणाऱ्याचा उघडाच आहे. पायरसीविरोधी यंत्रणेने प्रामाणिक गिऱ्हाइकाला पायरसीच्या दारात नेऊन सोडावं, यापेक्षा उलटी गोष्ट कुठली?

विकत घेतलेल्या फ्लॅटची किल्ली बिल्डरकडेच राहिली, आणि बिल्डरने धंदा बंद केल्यावर दार उघडेनासं झालं, तर आपण गप्प बसू का? रजिस्ट्रारपासून ग्राहक मंचापर्यंत सगळीकडे धाव घेऊ. डिस्कच्या बाबतीत मात्र आपण 'तंत्रज्ञान असंच असतं' म्हणून सोडून देतो. तंत्रज्ञान असंच असतं हे खरं नाही. हे कुणीतरी बसून ठरवलेलं आहे, करारात लिहिलेलं आहे, आणि कायद्याने त्याला दंडुका पुरवलेला आहे.

तो दंडुका अमेरिकेच्या १९९८ च्या डीएमसीए या कॉपीराइट कायद्याने दिला. त्या कायद्याच्या १२०१ व्या कलमानुसार कुलूप तोडणं हेच बेकायदा, मग तोडून तुम्ही पूर्णपणे कायदेशीर काम करणार असलात तरी. दर तीन वर्षांनी काही अपवाद मंजूर होतात. चित्रपट शिकवणाऱ्या प्राध्यापकांना वर्गात दाखवायला तुकडा कापण्यासाठी अर्ज करावा लागतो, आणि तीन वर्षांनी पुन्हा. स्वतःच्या डिस्कची प्रत स्वतःच्या उपकरणावर ठेवू द्या, ही साधी मागणी तिथे वारंवार फेटाळली गेली आहे. याउलट नॉर्वेत काय झालं बघा. डीव्हीडीचं कुलूप उघडणाऱ्या प्रोग्रामबद्दल योन लेक योहान्सन या तरुणावर खटला भरला गेला. तो प्रोग्राम आला तेव्हा तो शाळकरी वयाचा होता. ओस्लोच्या न्यायालयाने जानेवारी २००३ मध्ये आणि अपिलात त्याच वर्षी डिसेंबरमध्ये त्याला निर्दोष सोडलं. ज्याने डिस्क रीतसर विकत घेतली त्याला ती बघण्याचा हक्क आहे, आणि कुठल्या यंत्रावर बघायची हे उत्पादक ठरवू शकत नाही, असा त्या निकालाचा रोख होता. मला तो निकाल आजही सर्वात शहाणा वाटतो.

सोनीला तर ही बाजू कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. १९७५ मध्ये तिने बीटामॅक्स हा व्हिडिओ रेकॉर्डर आणला तेव्हा हॉलिवूडचे स्टुडिओ तिच्यावर खटला घेऊन धावले होते, की हे यंत्र लोकांना टीव्हीवरचे कार्यक्रम कॉपी करायला देतं. १७ जानेवारी १९८४ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार अशा मताने सोनीच्या बाजूने निकाल दिला. घरी बसून कार्यक्रम नंतर बघण्यासाठी ध्वनिचित्रमुद्रित करणं हा गैरवापर नाही, असं न्यायालय म्हणालं. त्या निकालावर पुढे घरगुती व्हिडिओचा अख्खा धंदा उभा राहिला आणि त्यात सर्वाधिक कमाई केली ती त्याच स्टुडिओंनी. १९८९ मध्ये सोनीने कोलंबिया पिक्चर्स विकत घेतलं. तिथून तिचं आसन बदललं, आणि आसनाबरोबर मतही.

आता दुसऱ्या बाजूचा विचार करायला हवा, कारण तीही पोकळ नाही. चित्रपट बनवायला पैसे लागतात. मराठी निर्मात्याला विचारा. पहिल्या आठवड्यात प्रत फुटली तर त्याचं कंबरडं मोडतं, आणि हॉलिवूडसारखी भक्कम गंगाजळी त्याच्यामागे नसते. पायरसी ही चोरी आहे यात मला तिळमात्र शंका नाही. पण त्या निर्मात्याची प्रत कुठून फुटते? चित्रपटगृहात मोबाइल धरून काढलेल्या चित्रणातून, किंवा प्रदर्शनाआधी हाताळणाऱ्यांपैकी कुणाकडून. तिथे डिस्कवरच्या कुलपाचा संबंधच येत नाही. म्हणून २०२३ मध्ये सिनेमॅटोग्राफ कायद्यात झालेली दुरुस्ती मला योग्य जागी मारलेला घाव वाटते. चित्रपटगृहातल्या चोरट्या चित्रणाला तीन महिने ते तीन वर्षं तुरुंगवास, किमान ३ लाख रुपये दंड, आणि तो निर्मितीखर्चाच्या ५ टक्क्यांपर्यंत वाढू शकतो. ती तरतूद चोराकडे बघते. डिस्कवरचं कुलूप गिऱ्हाइकाकडे बघतं.

कुणी म्हणेल, कुलपामुळे निदान शेजाऱ्यापाजाऱ्यांची देवघेव तरी थांबते, सरसकट सगळे कॉपी करत सुटत नाहीत. असेलही. पण त्यासाठी साधं कुलूप पुरतं. त्यासाठी प्लेअर बाद करण्याची व्यवस्था, जुन्या टीव्हीवर चित्र मुद्दाम धूसर करण्याची सोय, आणि कुलपाला हात लावला म्हणून तुरुंगाची भीती, यातलं काहीच लागत नाही. शिवाय संगीताचं उदाहरण समोर आहे. २००७ मध्ये ईएमआय या संगीत कंपनीने कुलपाविना गाणी विकायला सुरुवात केली, आणि जानेवारी २००९ मध्ये अ‍ॅपलने आयट्यून्सवरच्या सगळ्याच गाण्यांचं कुलूप काढत असल्याचं जाहीर केलं. विकत घेतलेलं गाणं आज कुठल्याही फोनवर वाजतं. त्यामुळे संगीताचा धंदा बुडाला नाही.

आपल्याकडे पायरसीवर सर्वात परिणामकारक प्रहार कुलपाने केलाच नाही, किमतीने केला. २००७ च्या सुमारास मोझर बेअर या डिस्क बनवणाऱ्या कंपनीने ओरिजिनल व्हीसीडी २८ रुपयांना आणि डीव्हीडी ३४ रुपयांना आणली. फुटपाथवरच्या बनावट डिस्कच्या भावात पुठ्ठ्याच्या साध्या वेष्टनातली खरी प्रत किराणा दुकानातही मिळू लागली. अनेक घरांत आयुष्यातली पहिली ओरिजिनल डिस्क तेव्हा आली. कंपनी पुढे इतर कारणांनी बुडाली. डिस्कचा बाजारच आटला आणि सौरऊर्जेतल्या गुंतवणुकीने ती खोलात गेली. पण माणसाला परवडेल अशा भावात माल दिला की तो खरा माल घेतो, हे तिने दाखवून दिलं.

प्रदेश-संकेतांचा जाच आपल्याला बाहेरगावच्या आप्तांमुळे जास्त कळला. डीव्हीडीच्या नकाशात भारत पाचव्या प्रदेशात होता आणि अमेरिका पहिल्या. ब्लू-रेच्या नकाशात भारत चीन आणि रशियासोबत सी मध्ये, अमेरिका ए मध्ये. न्यू जर्सीहून सुट्टीला येणारी भाची मामासाठी हौसेने डिस्क घेऊन यायची, आणि पुण्यातल्या प्लेअरवर ती घालताच प्रदेश जुळत नसल्याची पाटी यायची. चोरी कुणीच केलेली नाही, डिस्कचे पैसे स्टुडिओला पोचलेले आहेत, तरी मामा चित्रपट बघू शकत नाही. डीव्हीडीच्या काळात दुकानदार रिमोटवरचा एक क्रम दाबून प्लेअर सगळ्या प्रदेशांना खुला करून देत असत आणि कुणालाही त्यात पाप वाटत नसे. ब्लू-रेत हे इतकं सोपं राहिलं नाही. सगळे स्टुडिओ हे संकेत वापरतात असं नाही, पण वापरण्याचा हक्क त्यांच्याच हाती आहे.

आता आपल्या कायद्याकडे येतो. २०१२ च्या दुरुस्तीने आपल्या कॉपीराइट कायद्यात ६५ए हे कलम आलं. कुलूप तोडल्यास दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. पण आपल्या संसदेने अमेरिकेची नक्कल केली नाही, आणि याचा मला अभिमान वाटतो. आपल्याकडे गुन्हा होतो तो हक्कभंगाच्या इराद्याने कुलूप तोडलं तर. या कायद्याने स्पष्टपणे मनाई न केलेल्या कामासाठी तोडलं तर गुन्हा नाही, असं पोटकलम दोन मध्ये लिहिलेलं आहे. दुसरीकडे कलम ५२ खासगी वा वैयक्तिक वापरासाठीच्या उचित वापराला परवानगी देतं. दोन्ही एकत्र वाचलं तर स्वतःच्या डिस्कची प्रत स्वतःच्या कपाटासाठी काढणारा माणूस गुन्हेगार ठरू नये.

अडचण पुढच्या परंतुकात, म्हणजे त्याला जोडलेल्या अटीत आहे. असं कायदेशीर काम करायला जो दुसऱ्याला मदत करेल, त्याने त्या माणसाचं नाव, पत्ता आणि सगळा तपशील नोंदवून ठेवायचा आहे. कुलूप स्वतः उघडण्याइतकं ज्ञान किती जणांकडे असतं? ज्याला येत नाही त्याला दुरुस्तीवाल्याकडे किंवा एखाद्या सॉफ्टवेअरकडे जावं लागणार, आणि ते वही ठेवायला बांधलेले. मोफत सॉफ्टवेअर लिहिणाऱ्याने जगभरच्या वापरणाऱ्यांची वही कशी ठेवायची? म्हणजे एका हाताने दिलेला हक्क दुसऱ्या हाताने काढून घेतलेला आहे. हे परंतुक जायला हवं.

आणि सर्वात निकडीचा प्रश्न जतनाचा आहे. दादासाहेब फाळके यांच्या चित्रपटांपैकी अगदी थोडे, तेही तुकड्यांत, आज आपल्याकडे आहेत. जे आहेत ते कुणीतरी प्रत जपली म्हणून, आणि पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाचे पी. के. नायर यांच्यासारख्यांनी ती शोधत वणवण केली म्हणून. ८ जानेवारी २००३ च्या आगीत त्या संग्रहातली जुनी नायट्रेट रिळं जळाली. चित्रपट टिकतो तो अनेक जागी अनेक प्रती असल्याने. डिस्कही अमर नाही. २००६ ते २००८ या काळात छापलेल्या आपल्या काही डीव्हीडी आतून सडत असल्याचं वॉर्नरने २०२५ मध्ये मान्य केलं. प्लेअरही जात चालले आहेत. ओप्पोने २०१८ मध्ये बनवणं थांबवलं, त्यानंतर सॅमसंग आणि एलजीही मागे हटल्या. स्ट्रीमिंगवर भिस्त ठेवावी तर तिथे चित्रपट करार संपताच यादीतून जातो. डिसेंबर २०२३ मध्ये प्लेस्टेशनच्या ग्राहकांना त्यांनी 'विकत घेतलेले' डिस्कव्हरीचे कार्यक्रम काढून टाकणार असल्याचं कळवलं गेलं. गदारोळ झाल्यावर तो निर्णय मागे घेतला. कॅलिफोर्नियाला तर असा व्यवहार हा केवळ परवाना असल्याचं ग्राहकाला आधी सांगा, असा कायदाच करावा लागला. तो जानेवारी २०२५ पासून लागू आहे.

अशा वेळी ग्रंथालयात आणि संग्रहालयात असलेल्या डिस्क हाच कित्येक चित्रपटांचा भरवशाचा आधार ठरणार आहे, विशेषतः ज्यांच्या रिळांचा पत्ता नाही अशा १९८० आणि ९०च्या दशकांतल्या छोट्या चित्रपटांचा. ग्रंथपालाने त्या डिस्कवरचं कुलूप काढून प्रत सर्व्हरवर ठेवली पाहिजे, आणि हे करताना त्याच्या मनात पोलिसांचा विचार येता कामा नये. ज्या मॉडेलला आणि कुलूपव्यवस्थेला कंपनीने वाऱ्यावर सोडलं, तिच्यासाठी तर हा हक्क प्रत्येक ग्राहकाला आपोआप मिळायला हवा. किल्ली सांभाळायची नसेल तर कुलपावरचा दावाही सोडा.

आपल्या कायद्यात जतनासाठीची तरतूद आहेच, कलम ५२ (१) (एन). ना-नफा सार्वजनिक ग्रंथालय एखादी कृती जतनासाठी इलेक्ट्रॉनिक स्वरूपात साठवू शकतं, असं ती म्हणते. पण एक अट आहे: त्या ग्रंथालयाकडे कृतीची डिजिटल नसलेली प्रत आधीपासून असली पाहिजे. जुनं पुस्तक आणि जुनं रीळ यांचं भलं झालं. डिस्क मात्र जन्मानेच डिजिटल असल्यामुळे बाहेर राहिली, आणि आज कुजते आहे ती डिस्कच. ती अट वगळावी आणि 'ग्रंथालय' सोबत 'संग्रहालय' हा शब्द घालावा. एका परिच्छेदाचं दुरुस्ती विधेयक त्यासाठी पुरेसं आहे. महाराष्ट्रातून निवडून गेलेल्या ४८ लोकसभा सदस्यांपैकी मंत्री नसलेलं कुणीही ते खासगी विधेयक म्हणून मांडू शकतं.